पिंपळपान

चिरंजीवांच्या पुस्तकात परवा भारतरत्नाच्या पदकाचे चित्र पाहिले. काशाचे पिंपळपान, त्यावर तळपता सूर्य! देशाचा हा सर्वोच्च नागरी सन्मान १९५८ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती. माझे मन मात्र १८९३ सालाकडे वळले. त्या वर्षी अण्णांनी एका विधवेशी विवाह केला आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला.

पदक देणाऱ्यांत आपण असावे, असे कोणास वाटणार नाही? पण त्या वर्षी मी मुरुडास असतो, तर अण्णांच्या पंक्तीस बसलो असतो काय? चिरंजीवांनी नेमके हेच विचारले. ‘बसलो असतो’ हे शब्द काही केल्या ओठांबाहेर पडेनात.