बाग कुठंय म्हणे!

कर्जत

चि. मंदार,

तुझा फोन ठेवला आणि समोरचा चहा पार निवून गेला तरी मी तशीच बसले होते. ‘आत्या, बंगला झकास, पण बाग कुठंय? नुसतं रान!’ माथेरानला जाऊन असं बोलायला तुझी जीभ कशी रेटली रे?

मॅलेटसाहेबाचा बंगलाच बघून आलास ना, ‘बाईक’ म्हणतात तो? १८५० च्या मे महिन्यात तोही तुझ्यासारखाच, खाली चौकला तंबू ठोकून होता. वन ट्री हिलच्या अंगाने वर चढला आणि उतरला रामबागेतून. नावात बाग, आणि वाफा एकही नाही! जांभ्याची तांबडी जमीन ती. पावसाळ्यात कोसळतं ते सगळं वाहून जातं. मे महिन्यात हिरवळ राखायची तर पाणी कुणाच्या तोंडचं काढायचं? शार्लट तलाव तो केवढा! तिथे जांभूळ, हिरडा, अंजनी हीच बाग. अंजनीची निळी फुलं थेट फांदीलाच चिकटून येतात, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी. भाऊंनी तुला खांद्यावर घेऊन दाखवली होती. तुझ्या लक्षात राहिलं ते माकडाने टोपी पळवल्याचं.

दस्तुरीच्या पुढे गाडी सोडत नाहीत म्हणून कुरकुरलास. सोडत नाहीत म्हणून तर ते रान उरलंय! इथे खाली बघ, फार्महाऊसवाल्यांनी आंब्याच्या राया सपाट करून लॉन अंथरलंय आणि त्यावर दिवसभर फवारे. आम्ही टँकरची वाट बघतो. जाऊ दे, माझं रक्त आटतं.

आत्याचं घर असताना भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये झोपलात, त्याबद्दल मी बोलणार नव्हते. पण तो फोटो पुन्हा बघितला. उल्हासच्या वाळूत गाडी, चाकापाशी मुलं चटई टाकून झोपलेली, आणि चटईच्या वीतभर पलीकडे वाळूवर ओली रेघ. ती रेघ कसली ते विचारलंस का कुणाला? भिवपुरीच्या वीजघराचं पाणी सुटलं की भर उन्हाळ्यातही नदी चढते. रात्रभर तिथेच होतात? सूनबाईंना माहीत आहे?

दिवाळीला तीच गाडी घेऊन येणार म्हणतोस. नदीवर जायचं नाही, आपल्या अंगणात लाव. फणसाची खालची फांदी टपाला लागेल. ती छाटायची नाही. गाडी जरा तिरकी घे.

तुझी,
आत्या