नकाराचे ओझे

अंटार्क्टिकात १९८९ साली उभारलेल्या 'मैत्री' या भारतीय तळावर आम्ही वाटाड्या म्हणून गेलो, ते हिमालयातील अनुभवाच्या शिदोरीवर. शास्त्रज्ञांना सुखरूप नेणे व आणणे, एवढेच आमचे काम. तेथे डिसेंबरात सूर्य मावळतच नाही. त्यामुळे थकवा उमगत नाही, आणि धोका तोच. बर्फातील खोल भेगांवर वाऱ्याने साचलेल्या हिमाचे पूल असतात. वरून सारे सपाट दिसते. पुढचा काठीने टोचून पाहतो. मागचे त्याच्याशी दोराने बांधलेले असतात.

एके दिवशी नमुन्यांची जागा दोनशे मीटरवर असताना आमची काठी मुठीपर्यंत आत गेली. आम्ही परत फिरावयास सांगितले. वर्षभर तयारी केलेल्या शास्त्रज्ञांचा चेहरा उतरला; ते एक शब्दही बोलले नाहीत. त्या उजेडी रात्री आम्हांस झोप आली नाही. पूल कदाचित टिकलाही असता. आपण उगाच तर भ्यालो नाही? याचे उत्तर आम्हांस आजही ठाऊक नाही.

सकाळी दुसऱ्या वाटेने निघताना त्यांनी आमच्या कमरेच्या दोराची गाठ स्वतः ओढून पाहिली आणि म्हणाले, "चला, तुम्ही पुढे."