वाडीत पडलेलं ऊन

दिवेआगरच्या आमच्या वाडीत ऊन कधी जमिनीपर्यंत पोचत नसे. ऐन मे महिन्यात भर दुपारीही पोफळींच्या आळ्यांतली माती ओली असायची आणि विहिरीकडे जाताना अंगावर गारवा यायचा. 2020 च्या जूनअखेर मी पुण्याहून तिथे पोचले, तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. घराचं आढं मोडून माजघरात आलेलं पाहिलं, त्याची मनाची तयारी होती. मागच्या पडवीत लख्ख ऊन पडलं होतं, त्याची नव्हती. त्या पडवीतून समुद्राची गाज लहानपणापासून ऐकली होती. समुद्र दिसला तो त्या दिवशी पहिल्यांदा, आणि मला तो बघवेना.

3 जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. त्यानंतर कितीतरी दिवस काका-काकूंचा फोन लागत नव्हता. म्हसळ्याच्या पुढे रस्त्याकडेच्या झाडांची पानं करपून तपकिरी झाली होती. खाऱ्या वाऱ्याने भाजलेली ती झाडं पाहिल्यावर, ताम्हिणीत तासाभरापूर्वी जे हिरवे डोंगर पाहत आले होते त्यांची मला चीड आली. एवढ्या जवळ असून त्यांना काहीच कसं झालं नाही?

पहिले दोन दिवस धड कौलं वेगळी काढण्यात गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "चल, वही घे. पोफळी मोजू."

पंचनाम्याला आलेल्या माणसाने त्यांना आदल्या आठवड्यात विचारलं होतं, अंदाजे किती झाडं गेली असतील? काकांना तो शब्द लागला होता. "अंदाजे कसं सांगायचं गं? ज्याला दरवर्षी पाणी लावलं, त्याचा अंदाज सांगायचा?"

वाडी बावीस गुंठ्यांची. आत चालायला जागा नव्हती. माड मुळांसकट उपटून आडवे झाले होते, पोफळी मात्र बहुतेक मध्येच कडाकड मोडलेल्या. एकीवर दुसरी, तिच्याखाली जायफळाचं झाड, त्याच्याखाली मिरीचा वेल. काका पुढे आणि मी मागे. प्रत्येक बुंध्यापाशी वाकून ते पानाच्या डबीतला चुना बोटाने लावत, म्हणजे तीच पोफळ दोनदा मोजली जायची नाही. मी वहीत रेघ मारायची. पाच रेघा झाल्या की एक आडवी.

पहिल्या पन्नास-साठ रेघांपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग विहिरीजवळच्या रांगेशी थांबले. "ही रांग तुझ्या आजीची. तुझा बाबा नोकरीला पुण्याला गेला ना, 1968 साली, त्या पावसाळ्यात लावलेली." पोफळीच्या खोडावर गळालेल्या प्रत्येक झावळीमागे एक कडं राहतं. वर्षाला सहा-सात झावळ्या गळतात. मी आडव्या खोडावर बोट ठेवून कडी मोजायला लागले. शेंड्याकडची हिरवी, जवळजवळची, स्पष्ट. खाली येता येता ती राखाडी होत गेली आणि शेवाळात पुसट झाली. दोनशेच्या पुढे बोटाला लागेनात. बाबांची नोकरी, लग्न, माझा जन्म, बाबांचं जाणं, सगळं त्या कड्यांत कुठेतरी होतं आणि बोटाखालून निसटून गेलं होतं.

सुपाऱ्या उतरवायला येणारा गडी एका पोफळीवर चढला की खाली उतरायचाच नाही. शेंडा झुलवत झुलवत शेजारची पोफळ धरायचा आणि तिच्यावर जायचा. अर्धी वाडी तो अशी वरच्या वर पार करी. आम्ही मुलं खालून माना वर करून त्याच्यामागे धावायचो. आता जी काय उभी होती ती एकमेकींपासून इतकी लांब की हात पोचला नसता.

सरकारने तेव्हा बागायतीला हेक्टरी 50 हजार जाहीर केले होते, म्हणजे गुंठ्याला पाचशेच्या आसपास. आमच्या बावीस गुंठ्यांचे अकरा हजार, आणि सातबाऱ्यावर नावं नऊ. कोकणात बागा गुंठ्यांत असतात, हेक्टरात नाही, अशी ओरड झाल्यावर पुढे झाडामागे दर ठरला: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. माझ्या मते तेही फार थोडं होतं आणि आजही तसंच वाटतं. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. काका तेव्हा बहात्तर वर्षांचे होते.

दुपारी काकूने माडाचा गाभा चिरून ताटात वाढला. पांढराशुभ्र, ओल्या खोबऱ्यासारखा गोड. माड पडला तरच तो खायला मिळतो. लहानपणी वीज पडून एक माड गेला, तेव्हा आम्ही भावंडं त्याच्यासाठी भांडलो होतो. "रोज तेच आहे बाई," काकू म्हणाली, "आता मला वासही नको." मी दोन फोडी खाल्ल्या. तिसरी गिळवेना.

संध्याकाळी मोजणी संपत आली. तीनशे सत्तर रेघा झाल्या होत्या. गडग्यालगत एक पोफळ उभी होती, पण तिच्या झावळ्या सगळ्या झडलेल्या, नुसता खांब. पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो गेला की उभं झाडही गेलंच. मी पेन टेकवलं.

"थांब," काका म्हणाले. "माझ्या डोळ्यांना दिसत नाही. तुझ्या मोबाइलमधून मोठं करून बघ, वर सुई आहे का."

मी कॅमेरा वर धरला. हात हलत होता. आभाळाच्या पांढऱ्या उजेडात खोडाचं टोक पुन्हा पुन्हा निसटत होतं. मग स्थिर झालं. मधोमध बोटभर लांबीचं, घट्ट मिटलेलं, पोपटी असं काहीतरी होतं. मी त्यांना दाखवलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"मग ही लिहू नकोस," ते म्हणाले, आणि बोटाला लागलेला चुना धोतराला पुसला.