वर्धेच्या टेकडीवर स्पॅनिश

हिंगणघाटहून वर्धेला नोकरीच्या काळात शेकडो वेळा गेलो. कधी खातेवह्यांच्या तपासणीसाठी, कधी बैठकीसाठी. गेल्या पौषात गेलो तो मात्र एक कोरी वही घेऊन. कन्या माद्रिदला असते. तिचा पाच वर्षांचा मुलगा दूरध्वनीवर मला 'आबुएलो', म्हणजे आजोबा, म्हणतो व भराभर स्पॅनिश बोलतो. मी "हो बाळा" म्हणून वेळ मारून नेत असे. एकदा असेच 'हो' म्हटले आणि पलीकडे रडे सुरू झाले. "आजोबा, तू येणार नाहीस ना?" असे त्याने विचारले होते.

वर्धेत 1997 साली महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. हिंदीसोबत चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश या भाषांचे शिक्षणही तेथे दिले गेले आहे. उघड्या टेकड्यांवर वसलेल्या या परिसरात परिचयातील एका विद्यार्थ्याने झाडाखाली दोन तास मला शिकवले. मी सारे नागरीतच लिहून घेतले. शेजारच्या पवनारला विनोबांनी सर्व भारतीय भाषांसाठी नागरीचाही वापर व्हावा असा आग्रह धरला होता; माझी वही त्यापुढे सातासमुद्रापलीकडे गेली!

पहिला धीर स्वरांनी दिला. आ, ए, इ, ओ, उ एवढे पाचच, आणि उच्चार ठाम. लिंगे दोन, आपल्याहून एक कमी. शब्दही अगदी परके निघाले नाहीत. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या 'पगार', 'पाव', 'बादली' यांची भावंडे तेथे 'पागार', 'पान', 'बाल्दे' म्हणून नांदतात. फक्त 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. बँकेच्या माणसाला हा फरक चटकन कळतो. कापसाला 'आल्गोदोन' म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. आपल्या घरांतील मंडळींनी प्रवासात 'सिन', म्हणजे 'शिवाय', हा शब्द अवश्य पाठ करावा: 'सिन सेबोया, सिन आखो', कांदा नको, लसूण नको.

'मे गुस्ता एल ते' ऐकून तर मी चकित झालो. मला चहा आवडतो. रचना हुबेहूब आपली: आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण 'मला'. आंबे अनेक झाले की क्रियापदही अनेकवचनी, 'मे गुस्तान'. इंग्रजीत हे साधत नाही. 'उस्तेद' हे आदरार्थी सर्वनाम आहे. पण स्पेनमध्ये आजोबांनाही घरात 'तू'च म्हणतात, आणि तो शब्दही 'तू'च. आपण आईला म्हणतोच की.

अडलो ते एकाच ठिकाणी. "ब्येनेस?", येतोस का, असे नातवाने विचारले तर उत्तर 'येतो' नव्हे, 'बोय', म्हणजे 'जातो'. बोलणारा जेथे आहे तेथून तो निघणार, म्हणून जातो. मी लेखणी थांबवली. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आईने लहानपणी शिकवलेले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने तर ते मुळीच म्हणू नये. विद्यार्थ्याने पुन्हा नियम सांगितला. मी लिहून घेतला.

परतीच्या एस.टी.त तेच घोकत आलो. रविवारी नातवाने विचारले, "ब्येनेस, आबुएलो?"

"बोय," मी म्हणालो. "एन मायो."

मे महिन्यात. त्याने लगेच आईला हाक मारली. तिकिटे अजून काढायची आहेत.