लग्नाच्या फिल्ममधून जात कोण कापतं?

आता आपल्या वस्तीतल्या लग्नातही 'लव्ह स्टोरी' लागते. हॉल, जेवण, मंडप यांच्याबरोबर शूटिंगचं पॅकेज ठरतं. त्यात प्री-वेडिंग असतं, ड्रोन असतो, स्टेटसला ठेवायला एक मिनिटाचा टीझर असतो आणि सहा-सात मिनिटांची फिल्म असते. फिल्मचा साचा आपल्या सगळ्यांना पाठ झालाय. आधी वरून हॉल दिसतो. मग ती आरशासमोर कानातलं घालते, तो घड्याळ बांधतो. मग दोघांचा आवाज येतो, आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा असं काही होईल वाटलं नव्हतं वगैरे. मग हळद, एंट्री, धूर, हार. शेवटी दोघं मावळत्या सूर्याकडे चालत जातात. ज्यांचं लग्न मामाने बायोडाटा फिरवून जमवलं, पोहे खाऊन पसंती झाली, त्यांचीही गोष्ट हीच.

चळवळीतले काही ज्येष्ठ या सगळ्याला चंगळ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. माझ्या आजीच्या लग्नाचा एकही फोटो नाही. आईच्या लग्नाचे चार आहेत, त्यातल्या दोनांत तिचा चेहरा हाराआड गेलाय. मावशीच्या लग्नाची कॅसेट आली तेव्हा तिच्यात मिक्सिंग करून बदामाच्या आकारात दोघांचे चेहरे फिरवले होते, आणि आम्ही पोरं ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावायला सांगायचो. भायखळ्याच्या बाजारात रात्री लागलेल्या भीमराव-रमाईच्या लग्नाची गोष्ट आपण ऐकत आलो, सांगत आलो. ज्यांच्या सुखाची नोंद पिढ्यान् पिढ्या कुणी ठेवली नाही, त्यांच्या पोरांना आपलं सुख मोठ्या पडद्यावर बघावंसं वाटलं तर त्यात गैर काय? कर्ज काढून ड्रोन उडवणाऱ्यांशी माझं भांडण आहे, पण ते आज लांबवत नाही. माझा प्रश्न त्या गोष्टीतून काय कापलं जातं, हा आहे.

समाजशास्त्रात एम.ए. करताना बाबासाहेबांचा १९१६ चा कोलंबिया विद्यापीठातला निबंध वाचला. जात कशावर टिकते, याचं त्यांचं उत्तर स्वच्छ आहे: जातीतल्या जातीत लग्न. बाकीचं सगळं त्याच्या रक्षणासाठी. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटलं, आणि त्याच्या आड येणाऱ्या धर्मशास्त्रांवर बोट ठेवलं. २०११-१२ च्या मानवी विकास सर्वेक्षणाचे आकडे सांगतात की देशात जातीबाहेरची लग्नं सुमारे ५ टक्केच आहेत. म्हणजे शंभरातली पंचाण्णव जोडपी जातीच्या कुंपणातच एकमेकांना 'भेटतात', आणि फिल्म मात्र सांगते की नशिबाने भेटले. बायोडाटावरची जात, पोटजात, मामाचं आडनाव, 'आपल्यातलेच आहेत' हे वाक्य, यातलं काहीही एडिटिंगच्या टेबलावर टिकत नाही. जातीने जमवलेलं लग्न फिल्ममध्ये प्रेमाने जमलेलं दिसतं. एवढं सफाईदार काम पूर्वी पुराणांनाही जमलं नसेल.

आपणही यातून सुटलेलो नाही. बौद्ध झालो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी मुलीसाठी स्थळ बघताना मातंग किंवा चर्मकार मुलाचं नाव आलं की घरात शांतता पसरते. ती शांतता मी किती घरांत बसून ऐकली आहे. तिची फिल्म कुणी काढत नाही.

आता आपल्या विधीकडे या. मंगल परिणयाचं शूटिंग करायला जो मुलगा येतो, त्याच्या डोक्यात एक यादी असते: मंगलाष्टकं, अक्षता, मंगळसूत्र, कन्यादान, सप्तपदी. आपल्याकडे पांढऱ्या वेशातले वधू-वर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्प, त्रिशरण-पंचशील, मग प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा, फुलांचा वर्षाव. सगळ्यात महत्त्वाचा क्षण प्रतिज्ञांचा. पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्यं, सिगालोवाद सुत्तातून आलेली. पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, एकनिष्ठ राहीन, घराचा अधिकार तिच्या हाती देईन, वस्त्र-अलंकार देईन, असं वर भर मांडवात, दोन्हीकडच्या माणसांसमोर माईकवर बोलतो. (पत्नीच्या वाट्याला आलेल्या घरकामाच्या प्रतिज्ञेची भाषा आज कशी बदलावी, यावर माझे बौद्धाचार्यांशी वाद चालू असतात. तो वेगळा लेख.) नेमका याच वेळी शूटिंगवाला बॅटरी बदलत असतो. मी हे स्वतः किमान दहा लग्नांत पाहिलंय. 'नुसतं बोलणं आहे' म्हणून तो भाग फिल्ममधून जातो, आणि पांढरी साडी नेसलेल्या नवरीच्या दृश्यावर एखादा संस्कृत श्लोक किंवा सिनेमातलं कन्यादानाचं गाणं चढतं. ज्या धर्माचा त्याग केला त्याचाच आवाज आपल्या लग्नाला लावून मिळतो, वर पैसे आपणच मोजतो.

२०२३ मध्ये 'मेड इन हेवन' मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात बौद्ध पद्धतीचं लग्न दिसलं, तेव्हा आपल्या मुलामुलींनी ती दृश्यं किती शेअर केली ते आठवा. घर श्रीमंतांचं होतं, सजावट आपल्या कुणाला परवडणारी नव्हती. तरी रडू आलं, कारण पडद्यावरच्या त्या नवरीने आपली ओळख मांडवाबाहेर ठेवली नव्हती. तिला वाद घालून ती आत आणावी लागली, आणि तो वादच तिच्या गोष्टीचा गाभा होता. शूटिंगवाला मुलगा जो भाग कापतो, तो इथे दिग्दर्शकाने ठेवला.

पण जिथे हा वाद जिवावर बेततो तिथे काय करायचं? माझ्या कामात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आंतरजातीय लग्न करू इच्छिणारी मुलं-मुली आमच्याकडे येतात. विशेष विवाह कायदा, १९५४ समजावून सांगावा लागतो: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवसांचं वास्तव्य, मग नोटीस, ती कार्यालयात ठळक जागी लागणार, हरकतींसाठी ३० दिवस थांबणार, शेवटी तीन साक्षीदार. नोटिशीत नाव, वय, व्यवसाय, पत्ता. ज्याला शोधायचं आहे त्याला सगळं हातात.

अशाच एका जोडप्याची मी साक्षीदार होते. मुलगा आपला, मुलगी गावातल्या जमीनवाल्या जातीतली. नावं, गावं सांगत नाही. ते ३० दिवस मुलगी वर्किंग वुमेन्स होस्टेलवर होती. मुलगा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयात जाऊन नोटीस बोर्डासमोर उभा राहायचा. बोर्ड वाचायला कोण थांबतंय, कुणी मोबाईलवर फोटो काढतंय का, एवढंच बघायचा. लग्नाच्या दिवशी मुलीकडचं कुणी आलं नाही. संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून तिला फोन आला. शेजारणीच्या मोबाईलवरून आई बोलत होती. एवढंच विचारलं, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला. त्या लग्नाचं शूटिंग म्हणजे कार्यालयाच्या पायऱ्यांवर मी मोबाईलवर घेतलेली चाळीस सेकंदांची क्लिप. त्यात मागे कुणीतरी झेरॉक्सचे दर विचारतंय.

दोन वर्षांनी दोघांनी मला विचारलं, "ताई, आमची पण फिल्म करायची का? मित्रांच्या सगळ्यांच्या आहेत." माझ्या तोंडून आधी नकारच आला असता. त्याला कारण मिर्यालगुडा.

तेलंगणातल्या मिर्यालगुडा इथे १४ सप्टेंबर २०१८ रोजी प्रणय पेरुमल्ला या दलित ख्रिश्चन तरुणाचा, गरोदर पत्नीबरोबर दवाखान्यातून बाहेर पडताना खून झाला. सुपारी मुलीच्या बापाने दिली होती, असा पोलिसांचा तपास. बापाने मार्च २०२० मध्ये आत्महत्या केली. मार्च २०२५ मध्ये नलगोंडाच्या न्यायालयाने एका आरोपीला फाशी आणि सहा जणांना जन्मठेप सुनावली. या जोडप्याने लग्नानंतर हौसेने शूट करून घेतलं होतं. गाण्यावर बसवलेली, हसरी, बागेतली फिल्म, आज आपली मुलं करतात तशीच. ती फेसबुकवर होती. खुनानंतर देशाने ती पाहिली, आणि पाठोपाठ दवाखान्याच्या दाराशी लागलेल्या सीसीटीव्हीतलं चित्रण पाहिलं. एकाच जोडप्याच्या दोन फिल्म्स. तेव्हापासून कुठलंही आंतरजातीय जोडपं 'पोस्ट करू का' म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे आधी ती दुसरी फिल्म येते. आपल्याकडे 'सैराट'ने २०१६ मध्ये हेच दाखवलं. दारात आलेली माणसं माहेरची भेट घेऊन आली होती.

पण या भीतीचा हिशेबही मांडला पाहिजे. आम्ही कार्यकर्ते प्रत्येक जोडप्याला सांगत राहिलो की फोटो टाकू नका, स्टेटस ठेवू नका, गावच्या माणसाला पत्ता देऊ नका, तर पडद्यावर कोण उरतं? जातीत लग्न करणारे. त्यांच्या फिल्म्स लाखोंनी बघितल्या जातात, आणि प्रेम म्हणजे असंच असतं, आपल्यासारख्याच घरातल्या दोघांचं, दोन्ही आया डोळे पुसतायत, हे गावातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या मनात पक्कं होतं. जात मोडणारं जोडपं तिला बातमीतच दिसतं, तेही मेल्यावर. बाबासाहेबांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने केलेला विवाह आंतरजातीयच होता. त्यांनी तो लपवला नाही. माईसाहेबांनी पुढे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' लिहून आपली बाजू स्वतः सांगितली. सांगण्याचा हक्क सोडून द्यायची आपली परंपरा नाही.

लपायची वेळ या जोडप्यांवर येते, याची जबाबदारी कुणाची? सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात मार्च २०१८ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे उभारायला सांगितलं. ज्या जोडप्याला खरोखर संरक्षण आहे, ते फिल्म पोस्ट करायला घाबरणार नाही. तेव्हा आपल्या जिल्ह्यात असा कक्ष आहे का, त्याचा फोन कोण उचलतं, हे विचारायला निवेदन घेऊन जायचं कामही या विषयातच येतं.

शेवटी आम्ही फिल्म केली. शूटिंगला वस्तीतलाच मुलगा घेतला. तो सीझनला तीसेक लग्नं करतो, हात सफाईचा. पहिल्या दिवशी त्याने दोघांना तळ्याकाठी न्यायचं ठरवलं होतं. मुलगी म्हणाली, "दादा, आम्ही तळ्याकाठी कधी गेलोच नाही. आम्ही बोर्डासमोर उभे राहायचो." तो जरा गोंधळला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, यात रोमँटिक काय दाखवू?" मी म्हटलं, तिला विचार. तिने त्याला तो फोन सांगितला. नंतर त्याने कॅमेरा बंद करून दहा मिनिटं काहीच केलं नाही, चहा प्यायला गेला.

फिल्म अकरा मिनिटांची झाली. त्यात नोटीस बोर्ड आहे, कार्यालयाच्या पायऱ्यांची ती हलती क्लिप आहे, झेरॉक्सवाल्यासकट. मुलगी स्वतःची जात नावाने सांगते, मुलगा स्वतःची सांगतो. याच्यावर आमची बरीच चर्चा झाली. मुलाचं म्हणणं, जात कशाला उच्चारायची, आपण ती मोडली ना? मुलगी म्हणाली, मोडली काय ते सांगितल्याशिवाय कळणार कसं? तिचं राहिलं. घराचा दर्शनी भाग, सोसायटीचं नाव, गाडीचा नंबर, नोकरीचं ठिकाण यातलं काहीही दिसत नाही. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकीसुद्धा एडिटिंगमध्ये काढली, कारण टाकीवर नगराचं नाव होतं. मूळ शूटिंग त्या मुलाने आमच्यासमोर आपल्या हार्ड डिस्कवरून पुसलं. नमुना म्हणून आपल्या पेजवर फिल्म टाकायची नाही, हे कागदावर लिहून घेतलं. आता इतर जोडप्यांनाही मी हेच सांगते, आणि प्रतिज्ञांच्या वेळी बॅटरी चार्ज ठेव, हे शूटिंगवाल्याला पैसे ठरवतानाच सांगा, असंही सांगते.

फिल्म इंटरनेटवर नाही. एक पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. आतापर्यंत दोन युवा शिबिरांत दाखवली, दोन्ही वेळा आधी सगळ्यांचे मोबाईल टोपलीत जमा करून. दुसऱ्या शिबिरात एका मुलीने ती संपल्यावर सगळ्यांसमोर विचारलं की नोटीस लागल्यावर ३० दिवस राहायची सोय कुठे होते. पुढचा खेळ समाजमंदिरात आहे. दोघंही येणार आहेत. बाहेर फलक लावायचा नाही, असं ठरलंय.