कारण लिहून द्या

नकाराची भाषा आपल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. "जागा भरली", "साहेब बाहेर गेलेत", "पुढच्या महिन्यात बघू" या वाक्यांच्या पोटात काय असते, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर ओळखले. जातीचे नाव कोणी घेत नाही, फक्त काम मिळत नाही. अपंग झालेल्या कामगाराला मिळणारा नकारही याच घराण्यातला आहे. फरक एवढाच, की तो दया घेऊन येतो. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो, आता आराम करा," असे मालक म्हणतो आणि माणूस हात जोडून घरी येतो. नोकरी गेली हे त्याला पगाराच्या तारखेला कळते.

हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. बी.कॉम. झाल्यावर नगरमधील एका खाजगी कार्यालयात आम्ही अकरा वर्षे कारकुनी केली. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण हा लेख सूड म्हणून लिहिलेला नाही. रोजकीर्द, खतावणी, तीसेक माणसांचे पगारपत्रक हे आमचे काम. चाळिशी ओलांडली आणि ऐकू कमी येऊ लागले. आधी डावा कान, मग उजवा. सिव्हिल हॉस्पिटलात तपासणी झाली, कानाला यंत्र लागले. समोर बसून बोललेले कळे, फोनवरचे कळत नसे. पण हिशेबाच्या वहीला कान लागत नाहीत. त्या काळातही ताळेबंद वेळेवर लागत होता.

२०२३ च्या दिवाळीनंतर नवे व्यवस्थापक आले. पंधरा दिवसांत त्यांनी फोनचे टेबल आमच्याकडे दिले. महिनाभराने म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. तब्येतीची काळजी घ्या." पत्र नाही, नोटीस नाही.

केडगावच्या आमच्या घरी त्या रात्री तीन मते झाली. मेहुणे म्हणाले, चार माणसे घेऊन जाऊ आणि जाब विचारू. वडील म्हणाले, राहिलेला पगार घे आणि दुसरे काम बघ. आमच्या पत्नीने मात्र एकच प्रश्न विचारला, "अहो, त्यांनी लिहून काय दिलं?" काहीच नाही, असे आम्ही म्हणालो. "मग तुम्ही लिहा."

पत्र लिहायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आमच्याजवळ शंका होती, पुरावा नव्हता. कामावरून काढण्याचे कारण कान हेच, असे कोणी तोंडाने म्हणाले नव्हते. म्हणून आरोप न करता आम्ही विचारणा केली. पत्र एक पानाचे. कोणत्या तारखेपासून कोणते काम केले, ते सुरुवातीला. नंतर चार मुद्दे. कामावरून कमी करण्याचे कारण लेखी कळवावे. आमच्या ऐकण्यातील दोषाचा त्याच्याशी संबंध असल्यास तसे स्पष्ट लिहावे, आणि फोनचे काम दुसऱ्याकडे देऊन आम्हाला हिशेबाच्या कामावर ठेवण्याचा विचार झाला होता काय, ते सांगावे. कार्यालयाच्या समान संधी धोरणाची प्रत द्यावी. सेवेचा दाखला व थकीत रक्कम द्यावी. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत. शिवी नाही, धमकी नाही, रडगाणेही नाही.

हे समान संधी धोरण काय असते, असे वाचक विचारतील. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वामुळे माणसाला वगळणे तर त्यात भेदभाव ठरतेच, पण त्याला काम करता यावे म्हणून लागणारी वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच ठरतो. फोन दुसऱ्या टेबलावर ठेवणे ही अशीच सोय. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, मग ती सरकारी असो वा खाजगी, समान संधी धोरण जाहीर करायचे असते आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. आपल्याकडे अनेकांचा समज असा, की चाळीस टक्क्यांचा दाखला नसेल तर कायदा आपला नाही. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. भेदभावापासूनचे संरक्षण तेवढ्यावर थांबत नाही.

सरकारी नोकरांसाठी कलम २० आणखी पक्के आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. खाजगी कामगाराला इतके स्पष्ट कवच नाही, हे खरे आहे. म्हणूनच त्याने कागद जास्त जपला पाहिजे.

घाईने लिहिलेला कागद काय करतो, याचे एक उदाहरण पंजाबचे आहे. तेथील वीज मंडळातील सहायक लाइनमन भगवान दास १९९४ साली पूर्ण आंधळे झाले. निराश होऊन १९९६ साली त्यांनी स्वतःच लिहून दिले, की मला निवृत्त करा आणि माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळाने निवृत्तीचा अर्धा भाग तेवढा मान्य केला, पत्नीला नोकरी दिली नाही. पुढे हेच पत्र त्यांच्याविरुद्ध दाखवले गेले. ४ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची कानउघाडणी केली. ज्याला स्वतःचा हक्कच माहीत नव्हता त्याला तो समजावून सांगणे मंडळाचे कर्तव्य होते, असे म्हणून न्यायालयाने त्यांना सेवेत धरायला लावले. न्याय मिळाला, पण बारा वर्षांनी. म्हणून व्यवस्थापकाने पुढे केलेल्या राजीनाम्यावर त्याच दिवशी सही करू नका. "घरी वाचून सांगतो," एवढे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. एका सार्वजनिक महामंडळातील हंगामी कामगाराला एच.आय.व्ही. आहे म्हणून कायम करण्याऐवजी कामच बंद केले गेले. तो काम करण्यास समर्थ होता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवून त्याला न्याय दिला आणि बुडालेल्या मजुरीपोटी ४० हजार रुपये द्यायला लावले. आजाराचे नाव पाहून माणूस नालायक ठरत नाही, त्याला ते काम करता येते की नाही हे पाहावे लागते, हा त्या निकालाचा अर्थ. लोकलाजेने गप्प बसणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

आमच्या पत्राला उत्तर आले ते आधी फोनने! ज्याला फोनवर ऐकू येत नाही म्हणून घरी बसवले, त्यालाच फोन. पत्नीने तो घेतला. "या, बसून बोलू," असा निरोप होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "पत्राचं उत्तर पत्रानंच द्या." आठवड्याने लिफाफा आला. सेवेचा दाखला होता, थकीत पगाराचा धनादेश होता. समान संधी धोरणाविषयी अवाक्षर नव्हते. कारण मात्र लिहिले होते, 'दूरध्वनीवरील कामास अडचण'. जे तोंडाने कोणी म्हणत नव्हते, ते कागदावर आले.

तो कागद जोडून आम्ही पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार केली आहे. राज्य आयुक्तांना अशा तक्रारीत चौकशी करण्याचा, माणसे व कागद बोलावण्याचा अधिकार आहे. त्यांचा निर्णय पुष्कळदा शिफारशीच्या रूपात येतो, तेव्हा नोकरी परत मिळेलच असे आम्ही कोणाला सांगत नाही. पण त्या सेवेच्या दाखल्यावर आम्हाला एका पतसंस्थेत काम मिळाले. तेथे खातेदार आपले म्हणणे चिठ्ठीवर लिहून देतात आणि कोणाचे काही अडत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी आणि म्हातारपणाबरोबर आजार व अपंगत्व हे शब्दही आहेत. यंत्राखाली बोटे गेलेला, डोळा अधू झालेला, पाय ओढत चालणारा कामगार भीक मागत नसतो. नागापूरच्या एम.आय.डी.सी.त जाणाऱ्या केडगावच्या प्रत्येक घरातील माता-भगिनींना आमची विनंती आहे. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचे कागद एका पिशवीत घालून पेटीत ठेवा. मालक काय बोलला, ते तारखेसह वहीत टिपा. पत्र पोहोच मिळेल अशा नोंदणीच्या स्पीड पोस्टाने धाडा, कारण जुने रजिस्टर पोस्ट २०२५ साली त्यातच विलीन झाले. पावती आणि नक्कल जपा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बसवा, नाहीतर आमच्याकडे या. कागदाला पैसे पडत नाहीत, आणि अर्ज लिहायला अर्धा तास पुरतो.