देहूरोडहून डोंगराकडे

देहूरोड हे पुणे–लोणावळा लोकलवरचे स्टेशन. वस्ती लष्करी छावणीच्या आधाराने वाढली, त्यामुळे आसपासची काही टेकाडे लांबूनच पाहायची. कुंपणाच्या आत पायवाट शोधू नये. कुंपण संपले की मात्र डोंगर मोकळे होतात. गावातल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. लेण्यांच्या वाटेला लागणाऱ्याने आधी तिथे थांबावे.

पहिली चढाई घोरावडेश्वराची. बेगडेवाडीला उतरून जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर आले की डोंगर समोर दिसतो. पायऱ्या बांधलेल्या आहेत. सवय नसलेल्यालाही हा चढ झेपतो. वरची लेणी शेलारवाडीची म्हणून ओळखली जातात. मूळ बौद्ध चैत्यात आज शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला जत्रा भरते. इथल्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकटच्या एका नांगरधारी गृहस्थाच्या पत्नीने दान दिल्याची नोंद आहे. राजे आणि सावकार यांच्यापलीकडे शेतकऱ्याघरची बाई दात्री म्हणून भेटते, हे या डोंगराचे खरे वैभव. पण दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी फार थोडे त्या लेखाकडे पाहतात. कार्ल्याच्या लेण्यांतल्या खांबांवरही धेनुकाकटचे दाते वारंवार येतात. ते गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

संत तुकाराम एकांतासाठी घोरावडेश्वराच्या डोंगरावर येत, तसेच भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवरही. भंडारा देहू गावाहून इंद्रायणीपलीकडे, इंदोरीच्या अंगाला. माथ्यापर्यंत गाडी जाते, तरी देहूहून पायी गेल्यावरच नदी, गाव आणि डोंगर यांतले अंतर उमगते. भामचंद्राच्या बाजूला आता चाकणचे कारखाने पसरले आहेत.

शेलारवाडीजवळच इंद्रायणीवर कुंडमळा आहे. खडकात पाण्याने कोरलेली कुंडे पाहायला पावसाळ्यात झुंबड उडते. १५ जून २०२५ रोजी तिथला जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. नदीला पाणी असताना काठ सोडू नये.

लांबच्या चढाईसाठी मळवली स्टेशन. एका हाताला कार्ले, दुसऱ्या हाताला भाजे. कार्ल्याचा चैत्य पश्चिमाभिमुख असल्याने उन्हे कलल्यावर आत उजेड शिरतो. सकाळी घाईने जाणाऱ्याला निम्मे कोरीवकाम अंधारातच राहते. भाज्याची लेणी त्याहून जुनी, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. तिथून वाट गायमुख खिंडीत चढते. खिंडीच्या एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. लोहगड पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत मिळाला आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्याचे चार दरवाजे आणि विंचूकाटा माची पाहण्यासारखेच. पण रविवारी पायऱ्यांवर रांग लागते. उंचीने विसापूर सरस, म्हणूनच तो हातातून गेला की लोहगड टिकणे कठीण, आणि १८१८ मध्ये इंग्रजांपुढे झालेही तसेच. चालणाऱ्याने विसापूरच निवडावा. पावसात त्याच्या पायऱ्यांवरून ओढा वाहतो. तेव्हा शेवाळलेल्या दगडावर पाय सांभाळून टाकावा लागतो.

पावसाचा हिशोब स्टेशनागणिक बदलतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, पुण्यात सातशेच्या आसपास. देहूरोडला ढग नुसते आले असताना मळवलीत छत्री उलटी होते. आषाढात खाचरांत भाताची लावणी चालू असते. त्या दिवसांत बांध तुडवू नयेत, गाडीवाट धरावी. चढाईला सर्वांत चांगला काळ दसऱ्यापासून माघापर्यंतचा: वाट कोरडी, गवत अजून उभे, हवा स्वच्छ.

दुपारी लोकलमधले अंतर वाढते. परतीची वेळ पाहूनच मळवलीला उतरावे.